ऑस्कर पाळायचाय? मग आधी टँक, मग शेजारी, आणि ऑस्कर सगळ्यात शेवटी

दुकानात ऑस्कर माशाचं पिल्लू बघितलं की भल्याभल्यांना मोह होतो. दीड-दोन इंचाचं, काळ्या-पांढऱ्या नक्षीचं, काचेवर बोट फिरवलं की बोटामागे येणारं. दुकानदार म्हणतो घ्या साहेब जोडीच घ्या, दोन फुटी टँकमध्ये आरामात राहते. राहते हो, दोन-तीन महिने राहते. त्यानंतर हा मासा पहिल्या वर्षात महिन्याला साधारण इंचभर वाढतो, वर्षाच्या आसपास १० इंचांचा होतो, पुढे १२ इंचांपर्यंत जातो, आणि नीट सांभाळला तर १० ते १५ वर्षं जगतो. म्हणजे पोरगं बालवाडीत असताना आणलेला मासा ते दहावीला गेलं तरी हॉलमध्ये असू शकतो.

त्यामुळे नवीन लोक विचारतात ना, की "ऑस्कर फार मारकुटा आहे, काय करू", तर माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, टँक किती फुटी आहे ते आधी सांगा. मासा रागीट असतो हे खरंय, पण त्याचा राग किती बाहेर येणार हे जागेवर, सोबत कोण आहे यावर आणि कोण आधी आलं यावर ठरतं, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या हातात असतात. म्हणून खाली सगळं, पुण्यातलं पाणी आणि हवा धरून, त्याच क्रमाने लिहितोय, ज्या क्रमाने करायचं.

मासा नक्की कुठला ते ठरवा

ऑस्कर हा दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉनकडचा सिक्लिड, म्हणजे जागेवरून भांडणाऱ्या माशांच्या एका मोठ्या कुळातला. टायगर, रेड, अल्बिनो, लेमन, कॉपर अशी नावं दुकानात ऐकाल, ते सगळे रंगाचे प्रकार आहेत, स्वभाव आणि साईझ तीच. रागीट माशांमध्ये हा त्यातल्या त्यात समजूतदार, म्हणजे याच्यासोबत दुसरे मासे ठेवता येतात.

फ्लॉवरहॉर्नचं तसं नाही. तो निसर्गातला मासाच नव्हे, १९९० च्या दशकात मलेशिया-तैवानकडे वेगवेगळे सिक्लिड एकमेकांत मिसळून तयार केलेला, डोक्यावर टेंगूळ असलेला, ज्याला लोक लकी म्हणून दुकानाच्या काउंटरवर ठेवतात तो. त्याला एकट्यालाच ठेवायचं. विषय संपला. कुणी म्हणेल माझ्याकडे फ्लॉवरहॉर्न आणि ब्लड पॅरट मासा दोघं मजेत आहेत, असतील, पण कधीपर्यंत ते सांगता येत नाही आणि नवख्याने तो प्रयोग करू नये. सोबत मासे हवे असतील तर ऑस्कर, एकच मासा आणि त्याच्याशी खेळायचं असेल तर फ्लॉवरहॉर्न, इतकं सोपं ठेवा. पुढचं सगळं ऑस्करबद्दल.

टँक

आपल्याकडे टँक फुटात मोजतात, लिटरमध्ये नाही, त्यामुळे बाहेरच्या लोकांचे गॅलनचे सल्ले वाचून गोंधळ होतो. हिशोब सोपा आहे, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची फुटात काढा आणि त्याला २८ ने गुणा, लिटर आले. तीन फुटी म्हणून जो टँक सर्रास मिळतो तो ३ बाय १ बाय दीड, म्हणजे जेमतेम १२५ लिटर. त्यात मोठा ऑस्कर ठेवणं चूक आहे, आणि कारण फक्त पाणी कमी हे नाही, तर रुंदी एक फूट आणि मासाही एक फूट, तो वळणार कसा? वळताना प्रत्येक वेळी नाक आणि शेपूट घासते. असा मासा चिडचिडा होणारच.

एका ऑस्करसाठी कमीत कमी ४ बाय दीड बाय २, म्हणजे ३४० लिटरच्या आसपास. आत वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा धरून प्रत्यक्षात तीनशेच समजा. सोबत शेजारी ठेवायचे असतील तर ४ बाय २ बाय २ करा, साडेचारशे लिटर. दोन ऑस्कर आणि बाकी मंडळी हवी असतील तर ६ बाय २ बाय २, त्याच्याखाली बोलूच नका. बजेट कमी पडत असेल तर उंची कमी करा पण रुंदी कमी करू नका, उंच टँक दिसायला भारी वाटतो पण मासे आडवे पळतात, भांडणात जीव वाचवायला त्यांना लांबी आणि रुंदी लागते. काच २ फूट उंचीला १० एमएमपेक्षा कमी नको, काच बाहेर फुगू नये म्हणून वरून ब्रेसिंगची आडवी पट्टी हवी, आणि बनवणाऱ्याला स्पष्ट सांगा की ऑस्करसाठी आहे.

झाकण हवंच. ऑस्कर उडी मारतो, आणि चांगली मारतो. झाकण हलकं असेल तर त्यावर वजन ठेवा.

ठेवायचा कुठे

३४० लिटर म्हणजे ३४० किलो पाणी, वर काच, वाळू, दगड, स्टँड, सहज साडेचारशे किलो. हे सगळं सहा चौरस फुटांवर उभं राहणार. नवीन सोसायटीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर टँक लावताना खोलीच्या मधोमध लावू नका, भिंतीला लागून लावा, आणि जमलं तर जिथे खाली बीम आहे तिथे. वाड्यातलं लाकडी तुळयांवरचं माडीचं घर असेल तर मोठा टँक तळमजल्यावरच बरा. सहा फुटी करणार असाल तर बिल्डिंगच्या इंजिनिअरला एकदा विचारा, लाजायचं काय त्यात.

स्टँड फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचा करून घ्या, वर प्लायवूड, त्यावर थर्माकोलची शीट आणि मग टँक. लेव्हल बघायला स्पिरिट लेव्हल लावा, एका कोपऱ्यात दोन-तीन एमएम जरी खाली असेल तरी पाणी भरल्यावर लगेच दिसतं आणि काचेवर ताण येतो. मासे आणायच्या आधी टँक पूर्ण भरून दोन दिवस नुसता ठेवा आणि खाली पेपर अंथरा, गळती असेल तर पेपर सांगेल. खिडकीचं थेट ऊन नको, शेवाळ होतं. आणि प्लग पॉइंट टँकच्या वर किंवा बाजूला असू दे, वायर आधी खाली लोंबकळून मग वर बोर्डात गेली पाहिजे म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी बोर्डात जाणार नाही.

पाणी, म्हणजे पुण्याचं पाणी

पेठा, कोथरूड, डेक्कन, सिंहगड रोड इकडे महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी येतं, ते हलकं, म्हणजे कमी क्षारांचं असतं आणि ऑस्करला झकास चालतं. त्यातली अडचण एकच, क्लोरीन. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की क्लोरीन वाढवतात, नळ सोडला की वास येतो बघा. हे पाणी थेट टँकमध्ये ओतलं तर माशाचे कल्ले जळतात आणि फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मरतात. अँटी-क्लोरीनचे थेंब टाका, नाहीतर पिंपात पाणी काढून रात्रभर एअर स्टोन (एअर पंपाला जोडायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवा.

वाघोली, उंड्री, पिसोळी, वाकड-हिंजवडीकडच्या ज्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर आहेत त्यांचं गणित वेगळं. बोअरचं पाणी जड, पीएच चढा. ऑस्करला पीएच ६ ते साडेसातच्या आसपास आवडतो, पण थोडा वर असला तरी तो जुळवून घेतो, फक्त रोज बदलता कामा नये. टँकरचा त्रास हाच की आज एका विहिरीचं आणि परवा दुसऱ्या विहिरीचं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांना मिळतो, घेऊन ठेवा, टँकमधलं आणि नवीन पाणी दोन्ही मोजा, फार फरक असेल तर एकदम जास्त पाणी बदलू नका, थोडं थोडं बदला. आरओचं वाया जाणारं पाणी फुकट मिळतं म्हणून टँकमध्ये ओतणारे लोक मी बघितलेत, ते करू नका, त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात. आणि पीएच खाली आणायच्या बाटल्यांच्या नादी लागू नका, पाणी वर-खाली होत राहतं आणि मासा बिचारा मध्ये.

तापमान २४ ते २८. पुण्यात वर्षातले बरेच महिने काही करावं लागत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांपर्यंत किंवा खाली येतो आणि बंद घरातही पाणी २० च्या खाली जाऊ शकतं. तेव्हा हीटर हवा, लिटरला साधारण एक वॉट या हिशोबाने. एक मोठा घेण्यापेक्षा दीडशे-दोनशे वॉटचे दोन घ्या, म्हणजे एखादा बिघडला तरी पाणी एकदम गार किंवा एकदम गरम होणार नाही. आणि हीटरवर जाळीचं कव्हर हवंच, मोठा ऑस्कर चिडला की हीटरला धडक देतो आणि काच फुटली की पाण्यात करंट.

फिल्टर आणि धीर

ऑस्कर खातो भरपूर, घाण करतो त्याहून भरपूर. तासाला टँकच्या सहा ते आठ पट पाणी फिरवणारा फिल्टर धरा, ३४० लिटरला दोन-अडीच हजार लिटरचा पंप. कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) उत्तम, सम्प (टँकखाली ठेवलेला फिल्टरचा वेगळा टँक) त्याहून उत्तम, पैसे नसतील तर टँकवर बसणारा मोठा टॉप फिल्टर, त्यात स्पंज आणि सिरॅमिक रिंग भरून. मागे लावायचा छोटा हँगिंग फिल्टर इथे काही कामाचा नाही.

फिल्टर सुरू केला की लगेच मासा सोडायचा नसतो, आणि इथेच निम्मे नवखे घसरतात. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात, दुसरे त्याचा नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरा त्या मानाने बरा. हे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँकमध्ये रोज चिमूटभर फिश फूड टाकत राहा, ते कुजून अमोनिया देईल, आणि लिक्विड टेस्ट किटने मोजत राहा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागला की टँक तयार. कुणा ओळखीच्याकडे जुना आणि निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा, ओला असतानाच आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला, काम अर्ध्या वेळात होतं. तो स्पंज नळाखाली स्वच्छ धुवून आणलात तर आणून उपयोग नाही.

बोअरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, पीएच चढा असला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो.

आतली मांडणी

ऑस्करला खोदायला आवडतं. तोंडात वाळू भरून घेतो, दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन थुंकतो, परत येतो, परत भरतो. तासभर हे चालू असतं आणि सकाळी बघावं तर दगडाखाली खड्डा. म्हणून जड दगड वाळूवर ठेवायचे नाहीत, आधी तळाच्या काचेवर पातळ फोम किंवा प्लास्टिकची जाळी, त्यावर दगड, आणि मग भोवती वाळू. नाहीतर दगड कलंडून काचेवर येईल. टोकदार काही नको, नदीतले गोल गोटे आणि एक-दोन मोठी ड्रिफ्टवूड बस झाली. खरी झाडं लावलीत तर तो उपटून तरंगवतो, अनुबियस लाकडाला दोऱ्याने बांधून बघा, टिकला तर टिकला. त्यापेक्षा मनी प्लांट टॉप फिल्टरमध्ये लावा, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर, नायट्रेट खातो, छान वाढतो आणि ऑस्करचं तोंडही पोचत नाही.

मांडणीचा भांडणाशी थेट संबंध आहे हे लोक विसरतात. टँक नुसता मोकळा ठेवला तर एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशाला सतत दिसतो, आणि दिसला की हाकलायचा हा सिक्लिडचा हिशोब. मध्ये एखादं उभं लाकूड किंवा दगडांची रास अशी टाका की नजर तुटेल. लपायच्या जागा असतील तर त्यांना दोन तोंडं ठेवा, एकाच तोंडाची गुहा म्हणजे आत गेलेला मासा सापडला. पीव्हीसीचा चार इंची पाईप कापून टाकला तरी चालतं, दिसायला काही खास नाही पण मार खाणाऱ्याला कामाचा.

शेजारी कोण

पहिला नियम, ऑस्करच्या तोंडात मावेल ते ऑस्करचं जेवण. गप्पी, निऑन, मॉली, टेट्रा सगळे. आज दुर्लक्ष करतोय म्हणून उद्या करेल असं नाही, आणि बहुतेक वेळा हे रात्री होतं, सकाळी मोजलं की एक कमी. शेजारी ऑस्करच्या निदान दोन-तृतीयांश साईझचा हवा. सिल्व्हर डॉलरसारखा चपटा-उंच मासा लांबीला थोडा कमी असला तरी खपतो, कारण तो तोंडात बसत नाही.

दुसरा नियम, शेजारी ना फार भित्रा ना फार गुंड. भित्र्याला ऑस्कर छळतो आणि गुंड ऑस्करला छळतो. हो, ऑस्कर मार पण खातो, दिसायला दांडगा असला तरी ग्रीन टेरर किंवा जॅक डेम्प्सी या दुसऱ्या सिक्लिडचा तापट नर त्याला कोपऱ्यात बसवू शकतो. ते दोघं सहा फुटीत जमतात, चार फुटीत नवख्याने टाळा.

माझ्या मते सगळ्यात सोपा शेजारी सिल्व्हर डॉलर. पाच-सहा इंचांचा होतो, चपळ असतो, घोळक्याने राहतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाच तरी घ्या, एक-दोन घेतले तर बावरतात. फक्त घेताना डोळे उघडे ठेवा, कारण पाकूची पिल्लं तशीच चपटी दिसतात. पाकू म्हणजे आपल्या मासळी बाजारात रूपचंद म्हणून मिळतो तोच, पोटाकडे लालसर असतो, लहानपणी अंगावर ठिपके असतात, आणि काही दुकानांत तोच पिऱ्हाना म्हणूनही खपवतात. तो दोन फुटांपर्यंत जातो, घरातल्या टँकचं काम नाही.

सेव्हरम चांगला, सात-आठ इंचांचा, शांत पण अगदी मुळूमुळू नाही. बिचीर म्हणजे पॉलिप्टेरस, तळाशी सापासारखा फिरणारा, अंगावर जाड खवलं, ऑस्करला त्यात फारसा रस नसतो. सेनेगल बिचीर घ्या, पण आठ इंचांच्या खाली असताना मोठ्या ऑस्करसोबत सोडू नका. ब्लड पॅरट जमतो पण त्याचं तोंड नीट मिटत नाही, खाण्याच्या वेळी मागे पडतो आणि मारामारीत त्याला चावताच येत नाही, त्यामुळे त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

सकर फिश सगळेच घेतात, काच साफ करतो म्हणून. साधा सकर फूटभराच्या पुढे जातो आणि स्वतःच इतकी घाण करतो की साफसफाईचा हिशोब उलटाच पडतो. ठेवायचा तर एकच, आणि बारका असताना ऑस्करही बारका हवा. कारण त्याच्या पंखाचे काटे. पिक्टस, कोरीडोरास या छोट्या कॅटफिशचंही तेच, ऑस्कर गिळायला गेला की काटे उघडतात, घशात अडकतात, आणि दोघंही जातात.

काही नावं सरळ नको म्हणा. शार्क म्हणून जी चंदेरी पिल्लं विकतात ती पंगासियस, तीन फुटांच्या पुढे जाणारी. रेड टेल कॅटफिश त्याहून मोठी आणि ऑस्करलाच गिळेल. अरोवाना अडीच-तीन फुटांचा. गोल्डफिश थंड पाण्याचा आणि मऊ, त्याचं ऑस्करसोबत काहीच काम नाही. एंजल ऑस्करसारखाच अॅमेझॉनचा सिक्लिड, तरी नको, पंख फाटून जातील. आफ्रिकन सिक्लिडना जड पाणी लागतं आणि त्यांची भांडणाची पद्धतच वेगळी.

आणि दोन ऑस्कर? दुकानदार जोडी म्हणतो म्हणजे फक्त दोन नग. ऑस्करचा नर-मादी बाहेरून ओळखता येत नाही, पिल्लांचा तर नाहीच. दोनच ठेवले तर बऱ्याचदा एक दादा होतो आणि दुसरा मार खातो, कारण राग वाटून घ्यायला तिसरं कुणी नसतं. नैसर्गिक जोडी हवी असेल तर पाच-सहा पिल्लं एकत्र मोठ्या टँकमध्ये वाढवतात, त्यांच्यातली दोन आपणहून जमतात आणि मग बाकीच्यांना ताबडतोब दुसरीकडे हलवावं लागतं, कारण जमलेली जोडी अंडी राखायला लागली की अख्खा टँक त्यांचा. हे नवख्याचं काम नाही. एक ऑस्कर, पाच सिल्व्हर डॉलर, एक बिचीर, ४ बाय २ बाय २ मध्ये, इथून सुरू करा. आणि एकटाच ऑस्कर ठेवला तरी काही बिघडत नाही, माणसांशीच इतका रमतो की स्वयंपाकघरातून डबा वाजला तरी काचेला येऊन उभा.

कोण आधी, कोण नंतर

आधी शांत मासे, सगळ्यात शेवटी ऑस्कर. ऑस्कर आधी सोडला तर अख्खा टँक त्याच्या नावावर होतो आणि नंतर येणारा प्रत्येक जण घुसखोर. सिल्व्हर डॉलर तीन इंचांचे घेऊन सोडा, पंधरा दिवसांनी बिचीर, तो मजबूत खाऊ लागला की मग ऑस्करचं दोन-तीन इंची पिल्लू. असे सगळे सोबत वाढले की पुढे भांडण कमी होतं.

प्रत्येक नवीन मासा आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात, स्पंज फिल्टर आणि हीटर लावून. पांढरे ठिपके, फाटलेले पंख, पातळ पांढरी विष्ठा असलं काही दिसलं तर ते तिथेच निपटलेलं बरं, ३४० लिटरला औषध घालणं परवडत नाही.

समजा घरात आधीच मोठा ऑस्कर आहे आणि आता शेजारी आणायचाय. मग असं करा. सकाळी तीस-चाळीस टक्के पाणी बदला. दगड-लाकडं सगळी काढून वेगळ्या ठिकाणी मांडा, म्हणजे ऑस्करचा रोजचा कोपरा जागेवर राहत नाही आणि तोही नवीनच होतो. संध्याकाळी त्याला पोटभर खायला घाला. लाईट बंद करा, खोलीतला पण मंद करा. नवीन माशाची पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवा, मग दर पाच-दहा मिनिटांनी टँकचं थोडं थोडं पाणी पिशवीत घाला, आणि शेवटी जाळीने मासा उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. टँकचा लाईट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लावू नका.

त्याहून सुरक्षित म्हणजे पार्टिशन. प्लास्टिकची कडक जाळी किंवा भोकं पाडलेली अॅक्रिलिक शीट टँकच्या मापाने कापून मध्ये घट्ट बसवा, आठवडाभर दोघं एकमेकांना बघू देत. सुरुवातीला ऑस्कर जाळीवर धडका मारेल, कल्ले फुगवेल. जेव्हा तो जाळीपाशी न जाता परत तुमच्याकडे खायला मागायला लागतो तेव्हा जाळी काढायची, आणि तीही सुट्टीच्या दिवशी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. शुक्रवारी रात्री काढून शनिवारी सकाळी महाबळेश्वरला निघायचं, असं नको.

मस्ती कुठली आणि मारामारी कुठली

थोडं पळवणं, कल्ले फुगवून समोर उभं राहणं, शेपटीचा फटका, हे रोजचं आहे, घाबरू नका. तोंडात तोंड अडकवून दोघं ढकलाढकली करतात ते बघायला भयानक वाटतं, पण एकदा-दोनदा होऊन संपलं आणि नंतर दोघं आपापल्या कामाला लागले तर वरचष्मा कुणाचा एवढंच ठरलेलं असतं. रोज व्हायला लागलं, ओठ सोलले गेले, तर वेगळं करा.

खरी खूण मार खाणाऱ्याकडे बघून कळते, मारणाऱ्याकडे बघून नाही. तो वरच्या कोपऱ्यात हीटरच्या मागे उभा तरंगत असतो, रंग काळवंडलेला, पंख मिटलेले, खायला टाकलं तरी खाली येत नाही. दोन वेळा खाणं चुकलं की थांबू नका. आणि काढायचं असेल तर दादाला काढा, पडेल माशाला नाही. दादाला टबात आठवडाभर ठेवलं, मांडणी बदलली आणि परत सोडलं तर कधीकधी डोकं ठिकाणावर येतं.

ऑस्कर स्वतः मात्र नाटकी आहे हेही सांगून ठेवतो. पाणी बदललं किंवा दगड हलवले की आडवा पडून रुसतो, मेला की काय असं वाटतं. रंग नीट असेल, श्वास शांत असेल तर पडू दे, उठतो आपला.

खाणं

चांगले सिक्लिड पेलेट हे मुख्य जेवण, पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, मोठ्याला एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकं. अधूनमधून सोललेली कोळंबी, बागेतले गांडूळ (खत-फवारणी नसलेल्या मातीतले), उकडलेला मटार. जिवंत गोल्डफिश खायला घालून व्हिडिओ काढायची हौस असते लोकांना, त्यातून रोग येतात, शिवाय गोल्डफिशमध्ये असं एन्झाइम असतं ज्याने ऑस्करला बी-वन जीवनसत्त्व कमी पडतं. चिकन-मटण नको, ती चरबी त्याला पचत नाही. आठवड्यातून एक दिवस उपास. डोक्यावर बारीक खड्डे पडायला लागले तर आधी नायट्रेट मोजा, ४० पीपीएमच्या वर असेल तर पाणी बदला आणि खाण्यात विविधता आणा, औषधाचा विचार त्यानंतर.

गुरुवार, मे महिना आणि ढोल

आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदलायचं, म्हणजे ३४० लिटरमधलं सव्वाशे लिटर, सहा-सात बादल्या. हा वार पुण्यात विचार करून ठरवा. महापालिका देखभालीसाठी पाणी बंद ठेवते ते बहुधा गुरुवारी, आणि शुक्रवारी कमी दाबाने, उशिरा, कधी गढूळ. वीजही बऱ्याच भागांत दुरुस्तीसाठी गुरुवारीच जाते. म्हणून पाणी रविवारी बदला, आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवा, किंवा इन्व्हर्टरवर निदान एअर पंप घ्या. लाईट तीन-चार तास गेली तर त्या दिवशी खायला घालू नका. कॅनिस्टर बराच वेळ बंद राहिला तर आतलं पाणी सडतं, तो तसाच सुरू न करता आधी ते पाणी ओतून टाका. आणि पाणी काढायच्या आधी हीटरचा स्विच बंद, प्रत्येक वेळी.

एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० झालं की टँक ३१-३२ ला जातो, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि चिडतातही लवकर. झाकणाच्या जागी जाळी लावून पृष्ठभागावर टेबल फॅन सोडा, दोन-तीन अंश उतरतात, पण पाणीही भराभर उडतं ते भरत राहा. खाणं जरा कमी करा.

पेठेत राहत असाल तर गणपतीत दहा दिवस ढोल आणि स्पीकरच्या भिंती, काच थरथरते अक्षरशः. मासे दचकून उड्या मारतात. झाकणावर वजन, टँकवर चादर, लाईट बंद, आणि मिरवणुकीच्या दिवशी नवीन मासा वगैरे काही आणू नका.

गावाला जायचं असेल तर मोठा ऑस्कर आठवडाभर उपाशी आरामात राहतो. शेजारच्या काकूंना खाण्याचा डबा देऊन जाऊ नका, त्या प्रेमाने घालत राहतात. रोजची एक पुडी बांधून द्या आणि डबा लपवून ठेवा.

नाहीच जमलं तर

सगळं नीट करूनही एखादा ऑस्कर कुणालाच टँकमध्ये टिकू देत नाही. असा निघाला तर त्याला एकट्याला ठेवा आणि बाकीच्यांची दुसरीकडे सोय करा. पिल्लू घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा की मोठा झाल्यावर परत घ्याल का, बरेच जण घेतात, पैसे देत नाहीत पण घेतात, किंवा बदल्यात खाणं देतात. ओळखीत कुणाकडे सहा फुटी असेल तर त्यालाही विचारा.

मुठेत, पाषाणच्या किंवा कात्रजच्या तलावात सोडायचा मात्र नाही. टँकमधून सोडलेले सकर देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरलेत, कोळ्यांची जाळी फाडतात आणि खायला कुणी घेत नाही. मासा देताना नवीन मालकाला टँक किती फुटी आहे ते विचारा, आणि दोन फुटी म्हणाला तर देऊ नका.